रेफरीच्या घरचे लाडू

धावड्याला कबड्डीचा पंच मोटारसायकलवर बसून ज्वारीच्या वावरातून पळाल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलंय. सासुरवाडीचं गाव, त्यामुळं जावयाला पुढची खुर्ची होती, आणि पुढच्या खुर्चीवरून जरा जास्तच बराबर दिसतं. एक निकाल उलटा गेला, दोन्ही गावची पोरं मैदानात शिरली, आणि तो बिचारा कुणाची तरी गाडी घेऊन निघून गेला. तेव्हा मी पोट धरून हसल्तो. पुढं आपलीच पोरगी परक्या मुलखात शिट्टी गळ्यात घालून फिरणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

भोकरदनला तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात माझा सगळा जन्म गेला. रिटायर झाल्यावर जालन्याला घर केलं. पोरगी एकुलती एक. ती इंग्लंडला शिकायला गेली, तिथंच एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागली. इथवर सगळं ठीक होतं, चारचौघांत सांगायलाही बरं वाटायचं. मंग एक दिवस फोनवर म्हणाली की शनिवारी ती फुटबॉलची रेफरी म्हणून जाऊन राह्यली. जालन्याच्या कॉलेजात पोरींच्या दोन टीम होत्या, हिचा गुडघा मुरगळला म्हणून सरांनी हिच्या हाती शिट्टी दिल्ती, तेवढं मला आठवत होतं. मला वाटलं, गुडघा बरा झाला तशी शिट्टीही सुटली असेल. सुटली न्हाई.

बायको शाळेत शिक्षिका, तिची नोकरी अजून बाकी होती, म्हणून तीन महिन्यांसाठी मी एकटाच गेलो. निघताना तिनं बेसनाच्या लाडवांचे दोन डबे बांधून दिले, एक पोरीला आणि एक तिथं कुणाकडं जाणं झालंच तर. आपल्याकडं रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात न्हाईत, हे मला सांगायची बिलकुल गरज नव्हती. तरी तिनं विमानतळावर फोन करून पुन्हा सांगितलं.

आता फुटबॉल म्हणलं की आपल्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचं ते लखलखतं स्टेडियम येतं. मीही तसाच इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या शनिवारी तिच्यासोबत निघालो. तासाभरानं पोरीनं गाडी एका कारखान्याच्या मागं नेऊन उभी केली. दारात एक टेबल, टेबलावर पत्र्याचा डबा, त्यामागं कानटोपी घातलेली एक म्हातारी. आत चिखलाचं मैदान, चहूबाजूंनी कमरेइतका लोखंडी कठडा, एका अंगाला पत्र्याचं शेड आणि त्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा. कपडे बदलायच्या खोल्या म्हणजे जमिनीवर ठेवून दिलेले मालवाहू कंटेनर. आपल्याकडं परतूरला कापूस ठेवायचं शेड याच्यापेक्षा ऐसपैस असतं. माणसं जेमतेम शंभर-दीडशे, आणि त्यांच्यासोबत कुत्री. हो, मॅचला कुत्री घेऊन येतात, आणि खरं सांगायचं तर कुत्री माणसांपेक्षा शांत असतात.

हा देश फुटबॉलचा, पण त्याची ही खालची पायरी आपल्याला कुणी दाखवत न्हाई. दर शनिवारी नवं मैदान. एक डोंगराच्या उतारावर होतं, एक गोल वर आणि एक खाली, वरून खेळणाऱ्यांची चंगळ. एक समुद्राला लागून, गोलकीपरनं मारलेला बॉल वारा त्याच्याकडंच परत आणून द्यायचा. एका मैदानाशेजारी ओढा होता, तिथं एक म्हातारा लांब काठीला जाळी बांधून उभा राहायचा आणि पाण्यात गेलेला बॉल काढून द्यायचा. तेवढंच त्याचं काम, पण ऐट तहसीलदाराची. अशी मैदानं बघायला काही माणसं मुद्दाम लांबून येतात, वहीत टिपून ठेवतात. असा एकजण मला भेटला. तो हौसेनं शेडचे खांब आणि कठड्याचा रंग दाखवत होता, आणि मी इकडं पळायची वेळ आली तर बाहेर पडायला दारं कुठं आहेत ते बघून राह्यल्तो.

चेष्टा नव्हे. मला एकाही मैदानावर सुख लागलं न्हाई. गाडी लावताना मी पोरीच्या मागं लागायचो की तोंड रस्त्याकडं करून लाव, निघताना वळवायला वेळ जायला नको. ती हसायची, पण लावायची. कठडा आणि मैदान यांच्यात हातभराचं अंतर, त्यामुळं प्रेक्षक बोलतात ते रेफरीला शब्दन्‌शब्द ऐकू जातं. आपल्याकडं शिव्या निदान ओळखीच्या तरी असतात. इथं निम्म्या मला कळायच्या न्हाईत, आणि न कळलेल्या शिवीची भीती जास्त वाटते. एक लालबुंद तोंडाचा गडी सबंध मॅचभर तिला स्वयंपाकघरात परत जा म्हणून ओरडत होता. माझे हात शिवशिवत होते. ती मात्र त्याच्यासमोरून पळत जायची, मान ताठ, एकदाही बघायची न्हाई. माझ्या घरात जिला पालीची भीती वाटायची तीच का ही, असं मला वाटायचं.

तिनं मला पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. मैदानात शिरलो की ओळख दाखवायची न्हाई. बोलायचं न्हाई, हात करायचा न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई की मी तिचा बाप आहे. रेफरीचं माणूस म्हणलं की लोक उगाच जवळ येतात न्हाईतर अंगावर येतात, दोन्ही वाईट. मी मान डोलावली. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला तोंड बंद ठेवायला वेगळं शिकवावं लागत न्हाई.

माझा तिसरा महिना लागला तेव्हा तिनं एक गोष्ट सांगितली, आणि माझी झोप उडाली. वरच्या वर्गातल्या मॅच मिळायच्या असतील तर मोसमभरात ठरावीक वेळा निरीक्षक येऊन रेफरीचं काम तपासतो. तिच्या बाकीच्या तपासण्या चांगल्या गेल्त्या. येत्या शनिवारची शेवटची. ती बरी गेली की ती वर चढणार होती, त्या भागातून तिच्या वयाची पहिलीच पोरगी. चार वर्षं तिनं यासाठी चिखल तुडवला होता. हे सगळं ती भाजी चिरता चिरता साध्या आवाजात बोलली, पण चिरलेलीच भाजी ती पुन्हा चिरत होती ते मी पाहिलं. मी म्हणालो, मी येत न्हाई, माझ्यामुळं तुझं लक्ष विचलित होईल. ती म्हणाली, या, तुम्ही आलात की बरं वाटतं. तेव्हा घरीच बसलो असतो तर किती बरं झालं असतं!

शनिवारी निघताना मी फ्रीजमध्ये जपून ठेवलेला दुसरा डबा पिशवीत घातला. माझा हिशोब सरळ होता. पोरीचा मोठा दिवस, आपण दुसऱ्याच्या गावात चाललोय, त्यांच्या दारात उभं राहणार, त्यांचा चहा पिणार. मंग यजमानाच्या हातावर काहीतरी ठेवायलाच पाहिजे. धावड्याला पंच यायचा तेव्हा त्याच्या घरून आलेली पिशवी गावात कुणाच्या तरी ओट्यावर उतरायची, आणि जेवण गावाकडून असायचं. त्यात कुणाला काही वावगं दिसायचं न्हाई. पोरीला मी पिशवीचं सांगितलं न्हाई. तिचं चित्त आधीच थाऱ्यावर नव्हतं.

तिच्या गाडीतून उतरलो, ती कंटेनरकडं गेली, आणि मी जरा वेळानं चहाच्या खिडकीशी गेलो. आत यजमान क्लबच्या दोन बायका होत्या, शेजारी त्यांचा सेक्रेटरी उभा होता. मी डबा पुढं केला, भारतातून आणलेत, घरचे आहेत, एवढं माझ्या मोडक्या इंग्रजीत बोललो. बापलेकीचं काही बोललो न्हाई, नियम मोडला न्हाई. सेक्रेटरी इतका खूश झाला की त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, एक लाडू तिथंच तोंडात घातला आणि बाकीचे त्यांच्या टीमच्या खोलीत पाठवून दिले. मी धन्य झालो. दहा पावलांवर पाहुण्या टीमचा कोच हातात कागद घेऊन उभा होता. त्यानं मला गाडीतून उतरताना पाहिलं होतं आणि आता डबा देतानाही पाहिलं. हे मला तेव्हा कळलं न्हाई.

मॅच बराबरीत चालल्ती. मधल्या सुट्टीत निरीक्षक कुठं बसलाय ते मी हेरून ठेवलं. शेडमध्ये वरच्या रांगेत, मांडीवर कागद, मैदानाच्या मध्यावर. त्याच्याकडं बघवत न्हवतं आणि बघितल्याशिवाय राहवत न्हवतं, म्हणून मी लांब जाऊन यजमानांच्या हल्ल्याच्या बाजूच्या गोलमागं उभा राह्यलो. शेवटची पाच-सात मिनिटं राह्यली असतील. यजमानांचा एक गडी बॉल घेऊन आत घुसला, पाहुण्यांच्या बचाववाल्यानं घसरत पाय घातला, गडी कोसळला, आणि शिट्टी वाजली. पेनल्टी.

मी गोलच्या मागंच होतो, चार हातांवर. त्या बचाववाल्याचा पाय आधी बॉलला लागला होता. बॉलची दिशा बदलली ती मी पाहिली. मंग तो गडी त्याच्या पायाला अडखळून पडला, म्हणजे नियमानं ती पेनल्टी न्हवतीच. पोरगी उजवीकडून येत होती आणि तिच्यासमोर दोन खेळाडू आडवे होते. तिला ते दिसणं शक्यच न्हवतं. शेडमधून निरीक्षकालाही दिसलं नसणार. मनात पहिला विचार आला तो असा की हे दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल तर बरं. त्याची मला आजही लाज वाटते.

गोल झाला. यजमान जिंकले. पाहुण्यांचा कोच मॅच संपताच तरातरा निरीक्षकाकडं गेला आणि माझ्याकडं बोट दाखवून बोलायला लागला. काय बोलला ते मला पुढं पोरीकडून कळलं. गाडी, म्हातारा, डबा, यजमानांच्या खोलीत गेलेली मिठाई, आणि शेवटी पेनल्टी. सगळं एका दोऱ्यात बराबर बसत होतं. तेव्हा मला शब्द ऐकू येत न्हवते, पण बोट कळत होतं.

निरीक्षक आधी कंटेनरकडं जाऊन आला, मंग माझ्याकडं आला. सभ्य माणूस, टोपी काढून बोलला. त्यानं विचारलं, "तुम्ही रेफरीचे वडील का?"

आमच्या कचेरीत एक गोष्ट हाडात मुरलेली असते. चौकशीवाला दारात आला की पहिलं उत्तर नकाराचं. माझा संबंध न्हाई, मला माहिती न्हाई, ते टेबल माझं न्हाई. पुढचं पुढं बघता येतं, पण पहिलंच हो म्हणालं की माणूस अडकला. त्यात पोरीचा नियम डोक्यात होताच, कुणाला सांगायचं न्हाई. आणि खरं कारण विचाराल तर मी घाबरलो होतो. माझ्या डब्यानं तिचं सगळं वाटोळं होतंय हे दिसत होतं, आणि मला वाटलं, मी तिचा कुणीच न्हाई असं ठरलं तर ती सुटेल.

मी म्हणालो, "नो."

तो मान हलवून परत कंटेनरकडं गेला. पाच मिनिटांनी पोरगी बाहेर आली. तिला त्यानं आधीच विचारलं होतं, आणि तिनं आधीच सांगून टाकलं होतं की हो, ते माझे वडील. आता त्यानं तिला जाऊन सांगितलं की ते गृहस्थ न्हाई म्हणतात. ती मैदानापलीकडून माझ्याकडं बघत होती. बॅग खांद्यावर, केस चिखलानं माखलेले. आपल्या पोरीनं आपल्याकडं तसं बघू नये. कुणाच्याच बापावर ती पाळी येऊ नये.

गाडी रस्त्याकडं तोंड करून लावलेली होती, तरी आमच्या मागं कुणी लागलं न्हाई. दहा-बारा मैल गेल्यावर एका सिग्नलला ती बोलली. "पप्पा, लाडवांचं मी समजावून सांगितलं असतं. आमच्यात पद्धत आहे म्हणाले असते. पण तुम्ही मला न्हाई म्हणाले." घरी येऊन तिनं वरण-भात लावला, मला वाढला आणि स्वतः खोलीत निघून गेली.

बायकोचा जालन्याहून फोन आला. तिला मी लाडवांचं सांगितलं, नकाराचं सांगायची हिंमत झाली न्हाई. पेनल्टीचं ऐकल्यावर ती म्हणाली की आपली पोरगी चुकायचीच न्हाई, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावू नका. मी बरं म्हणून फोन ठेवला.

रविवारी सकाळी पोरगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. दुपारपर्यंत तिला घडल्या प्रकाराचं निरीक्षकाला लिहून पाठवायचं होतं. मी मात्र पहाटेच उठून खुलासा लिहून ठेवला होता. खुलासा लिहिण्यात माझा हात कुणी धरला न्हाई. अख्ख्या कचेरीचे खुलासे माझ्या टेबलावरून जायचे. सदर दिवशी सदर ज्येष्ठ नागरिक भाषेच्या अडचणीमुळे प्रश्नाचा आशय समजू न शकल्याने त्यांच्याकडून अनवधानाने नकारार्थी उत्तर दिले गेले असावे. सदर खाद्यपदार्थ हा सांस्कृतिक स्वरूपाचा असून त्याचा सामन्याच्या निकालाशी दुरान्वयानेही संबंध नाही. दोन पानं. मी म्हणालो, याचं फक्त इंग्रजी कर, तुझ्या केसालाही धक्का लागणार न्हाई.

तिनं दोन्ही पानं वाचली. वाचताना तिला थोडं हसू आलं, मी पाहिलं, आणि माझ्या जिवात जीव आला. मंग तिनं विचारलं की प्रश्न तुम्हाला खरंच कळला नव्हता का. मी म्हणालो, कळला होता. ती म्हणाली, मंग हे कसं पाठवू. तिनं पानं बाजूला ठेवली आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढला. बराच वेळ ती काहीच टाईप करत न्हवती. चहा निवून गेला.

"पप्पा," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही गोलच्या मागं होता ना? मला मधे दोघं आडवे आल्ते. खरं सांगा, ती पेनल्टी होती का?"

आता माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू. हो म्हणालो असतो तर तिला धीर आला असता. हे मला ठाऊक होतं, आणि दुसरं कुणी पाहिलंही नव्हतं. न्हाई म्हणालो तर चुकीची पेनल्टी, तीसुद्धा ज्यांनी लाडू खाल्ले त्यांनाच, आणि ते तिच्या बापाच्या तोंडून. चार वर्षांच्या चिखलावर मीच पाणी ओतणार. पण काल एकदा तिला वाचवायला गेलो होतो, आणि काय झालं ते समोर बसलं होतं.

मी म्हणालो, "न्हाई बेटा. पाय आधी बॉलला लागला. मी चार हातांवर होतो."

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ही रडणार. रडली न्हाई. म्हणाली, शिट्टी वाजवल्यावर त्या बचाववाल्याचं तोंड बघून तिला तेव्हाच शंका आली होती, रात्रभर तीच खात होती. मंग तिनं माझ्या समोरच निरीक्षकाला फोन लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. लाडवांचं सांगितलं. मी खोटं बोललो ते सांगितलं, काही न झाकता, घाबरून बोलले म्हणाली. मंग म्हणाली की पेनल्टीचा निर्णयही माझा चुकला, पाय आधी बॉलला लागला होता. त्या एका वाक्यानं तिचं वर्ष गेलं, हे मला तिथंच कळलं. त्या मोसमात तिला वर घेतलं न्हाई, अजूनही ती शनिवारी त्याच पत्र्याच्या मैदानांवर जाते.

पलीकडून त्यानं विचारलं की तुझ्या जागेवरून तर ते दिसणं शक्य नव्हतं, मलाही दिसलं न्हाई, मंग हे तुला कुणी सांगितलं.

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. तेवढं इंग्रजी मला येतं.

"माझ्या वडलांनी," ती म्हणाली. "ते गोलच्या मागं उभे होते."